कुत्र्याला गाठ आली : दवाखान्यात केव्हा जायचं, खर्च किती येईल

गोचीड काढताना, आंघोळ घालताना किंवा नुसतं पाठीवरून हात फिरवताना कुत्र्याच्या कातडीखाली काहीतरी गोल लागतं. मागच्या महिन्यात ते नव्हतं. घरात लगेच दोन तट पडतात. एकाला कॅन्सरच दिसू लागतो, दुसरा म्हणतो चरबीची गाठ असेल, बसेल आपोआप. दोघंही चुकू शकतात, कारण दोघंही बोटांच्या भरवशावर बोलत असतात. मऊ, हलणारी आणि न दुखणारी गाठ निरुपद्रवीच असते, हा समज खरा नाही. मास्ट सेल ट्यूमर नावाचा त्वचेचा कॅन्सर हाताला हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो. वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांनाही तो नुसत्या स्पर्शाने ओळखता येत नाही.

गाठ ओळखण्याची सुरुवात सुईने होते. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेच्या पट्टीवर तपासायच्या, एवढंच ते काम. गाठीच्या एकूण उपचारात सर्वांत स्वस्त टप्पाही तोच, आणि लोक नेमका तोच वगळतात. कुणी महिनोन्‌महिने वाट बघतं, कुणी घाबरून थेट ऑपरेशन करून घेतं. दोन्हींत पैसा जास्त जातो.

आधी बघा : ही गाठच आहे का?

दवाखान्याची फी भरण्याआधी घरीच पाच मिनिटं नीट बघा. पोटावरची स्तनाग्रं नर कुत्र्यालाही असतात आणि ती साधारण आठ-दहा असतात. तिथली 'गाठ' दोन्ही बाजूंच्या रांगेत बसत असेल तर ती गाठ नव्हे. शेवटच्या बरगडीचं टोक बारीक अंगाच्या कुत्र्याला टोचल्यासारखं हाताला लागतं. नर कुत्रा उत्तेजित झाला की लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि थोड्या वेळात ओसरतो. हे पाहून रात्री डॉक्टरांना फोन करणारे मालक कमी नाहीत. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीडही करड्या चामखिळीसारखी दिसते. केस बाजूला करून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर तिचे पाय दिसतात.

लस दिलेल्या जागी छोटी घट्ट गाठ येणं नेहमीचं आहे. ती काही आठवड्यांत विरते. महिना उलटूनही राहिली किंवा वाढू लागली तर दाखवा.

गाठ खरोखरच असेल तर तारीख लिहून ठेवा. गाठीशेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. 'थोडी वाढलीय वाटतं' या वाक्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. '3 तारखेला एक सेंटिमीटर होती, आज दीड आहे' यावरून ठरवता येतं. या नोंदीला खर्च काही नाही.

किती थांबायचं?

*त्याच तासाला निघा.* अचानक पोट ढोलासारखं फुगलं, कुत्रा ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही, अशी स्थिती म्हणजे जठराला पीळ बसल्याची शक्यता. ही गाठ नव्हे, जिवावरचं संकट आहे. पावसाळ्यात बेसा, हिंगणा, कोराडी अशा नागपूरच्या कडेच्या वस्त्यांत तोंडाला किंवा पायाला एकाएकी सूज आली तर सापाचा किंवा मधमाशीचा दंश डोक्यात ठेवा. लस किंवा इंजेक्शननंतर काही तासांत चेहरा सुजला, गाठ फुटून रक्त थांबेना, बेंबीजवळची किंवा जांघेतली मऊ गाठ एकदम कडक आणि दुखरी झाली, तर तेव्हाही सकाळ होण्याची वाट पाहू नका.

*दोन-तीन दिवसांत दाखवा.* गरम, दुखरी आणि पू धरलेली गाठ म्हणजे बहुधा गळू. पावसाळा सरला की गवताला कुसळं धरतात. मोकळ्या मैदानात फिरणाऱ्या कुत्र्यांच्या बोटांच्या बेचक्यात ती घुसतात आणि आत सरकत जातात. वरून फक्त लालसर फोड दिसतो. कुसळ बाहेर काढल्याशिवाय नुसत्या अँटिबायोटिकने तो फोड पुन्हा पुन्हा येतो. कानाची पाळी पिशवीसारखी फुगली तर कान फडफडवून आत रक्त साचलेलं असतं. तो कॅन्सर नाही, पण उशीर केला तर कान आकसून वाकडा होतो. जबड्याखाली, खांद्यापुढे, जांघेत, गुडघ्यामागे अशा दोन्ही बाजूंच्या गाठी एकाच वेळी फुगल्या असतील तर त्या लसिकाग्रंथी आहेत. गोचीडतापातही त्या सुजतात आणि लिम्फोमा या कॅन्सरमध्येही. दोन्हींत आठवडाभराचा उशीर महागात पडतो.

*आठवड्याभरात दाखवा.* मादीच्या स्तनाच्या रांगेतली कुठलीही गाठ, मग ती ज्वारीच्या दाण्याएवढी का असेना. हिरडीवरची, ओठाच्या आतली, अंडकोषातली किंवा गुदद्वाराभोवतीची गाठ. चिघळलेली, खाजवली जाणारी, रंग बदललेली गाठ. एक दिवस फुगणारी आणि दुसऱ्या दिवशी बसणारी गाठ लोकांना दिलासा देते, पण मास्ट सेल ट्यूमरची तीच खूण आहे. अशी गाठ दाबू नका, चोळू नका, शेकू नका. दाबल्यावर तिच्यातून हिस्टामिन सुटतं, मग सूज येते, उलट्या होतात. बॉक्सर, पग आणि लॅब्राडॉरमध्ये ही गाठ जास्त आढळते.

*महिनाभर नजर ठेवता येईल.* वाटाण्यापेक्षा लहान, न वाढणारी, न दुखणारी गाठ. अमेरिकेतल्या प्राणी-कॅन्सरतज्ज्ञ डॉ. सू एटिंगर यांनी मालकांसाठी एक सोपा नियम रूढ केला आहे : गाठ एक सेंटिमीटर म्हणजे साधारण वाटाण्याएवढी झाली, किंवा तिला एक महिना झाला, की सुईची तपासणी करायचीच. दोन्हींपैकी एक अट पुरेशी आहे. आमच्या मते नागपुरातल्या मालकांनी हाच नियम फ्रिजवर चिकटवावा.

दोन-तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या अंगावर बटणासारखी गुलाबी, बिनकेसांची गाठ उगवली तर ती बरेचदा हिस्टिओसायटोमा असते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. पिल्लांच्या तोंडात येणाऱ्या चामखिळीही बहुतेक वेळा अशाच जातात. पण 'आपोआप जाणारी आहे' हेही सुईनंतरच म्हणायचं.

सुईची तपासणी म्हणजे काय?

दवाखान्यात हिला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनची साधी सुई गाठीत घालून पेशी ओढतात, काचेवर पसरतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल लागत नाही. बहुतेक कुत्री लसीच्या सुईइतकीच कुरकुर करतात. चरबीची गाठ, साबुदाण्यासारखा मळ भरलेली सिस्ट, पू आणि मास्ट सेल ट्यूमर या चारही गोष्टी बहुधा यातूनच कळतात.

मर्यादाही माहीत हव्यात. काही गाठी पेशी सोडत नाहीत, मग अहवाल 'अनिर्णित' येतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. त्याचे पैसे पुन्हा लागतील का, हे आधीच विचारा. स्तनाच्या गाठीत चांगली-वाईट हा फरक सुईने खात्रीने कळत नाही. तिथे गाठ काढून प्रयोगशाळेत पाठवणं हाच मार्ग असतो.

एका गोष्टीवर अडून बसा. सुई न घालता 'गाठ बसवायची' म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या मिळत असतील तर आधी कारण विचारा. लिम्फोमा आणि मास्ट सेल ट्यूमर स्टेरॉइडने काही दिवस आकसतात. मालक खूश होतो, खरं निदान झाकलं जातं आणि नंतरच्या केमोथेरपीचा गुणही कमी येऊ शकतो. नमुना आधी, स्टेरॉइड नंतर, हा क्रम सोडू नका.

दर काय चालतात?

पुढचे आकडे नागपूरसारख्या शहरातल्या खासगी दवाखान्यांसाठी ढोबळ अंदाज म्हणून घ्या. कुत्र्याचं वजन, गाठीची जागा आणि दवाखान्यातल्या सोयी यांनुसार ते बदलतात. आठ किलोच्या पगची भूल आणि पस्तीस किलोच्या लॅब्राडॉरची भूल यांचं बिल एक नसतं.

- तपासणी फी : 300 ते 700 रुपये
- सुईची तपासणी, अहवालासह : 800 ते 2,000
- रक्ताची सीबीसी तपासणी : 400 ते 800
- लिव्हर-किडनीच्या तपासण्या : 800 ते 1,800
- एक्स-रे, प्रत्येक फिल्मला : 500 ते 1,000
- पोटाची सोनोग्राफी : 1,000 ते 2,000
- कातडीवरची लहान गाठ काढणं, भुलीसह : 5,000 ते 12,000
- स्तनांची रांग काढणं, भुलीसह : 15,000 ते 35,000
- काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल : 1,500 ते 3,500
- विन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाचं एक इंजेक्शन, देण्याच्या खर्चासह : 700 ते 1,500
- घरची औषधं, ड्रेसिंग, गळ्यातली कॉलर मिळून : 1,500 ते 4,000

चार नमुना हिशेब

*पहिला : आठ वर्षांची लॅब्राडॉर, बरगडीवर मऊ गाठ.* तपासणी आणि सुई मिळून 1,100 ते 2,700 रुपये. अहवालात चरबीची गाठ निघाली तर बहुतेक वेळा इथेच थांबता येतं. चालताना अडत नसेल, काखेत घासत नसेल, वेगाने वाढत नसेल तर ती काढायची गरज नाही. दर तीन महिन्यांनी मोजा. दोन-अडीच हजार रुपयांत दहा-वीस हजारांचं ऑपरेशन टळलेलं असतं.

*दुसरा : पाच वर्षांचा बॉक्सर, मांडीवर दीड सेंटिमीटरची गाठ, सुईत मास्ट सेल.* तपासणी, सुई, रक्त, ऑपरेशन, हिस्टोपॅथॉलॉजी आणि औषधं धरून साधारण 10,000 ते 25,000 रुपये. ही गाठ काढताना भोवतालची दोनेक सेंटिमीटर निरोगी कातडीही घ्यावी लागते. म्हणून दीड सेंटिमीटरला जखम सहज शिवली जाते आणि पाच सेंटिमीटरला मांडीवर कातडी पुरत नाही. उशिराची किंमत इथे थेट बिलावर दिसते. लसिकाग्रंथींची सुई आणि सोनोग्राफी लागली तर आकडा आणखी वाढतो.

*तिसरा : गावठी कुत्रा, मूत्रमार्गातून थेंब थेंब रक्त, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस.* याला डॉक्टर मंडळी टीव्हीटी म्हणतात. मोकाट कुत्र्यांची संख्या मोठी असलेल्या आपल्या शहरांत ही गाठ नेहमी दिसते. मादीत रक्त दिसलं की लोकांना 'माजावर आली' वाटतं, नरात 'लघवीचं इन्फेक्शन'. हा आजार विषाणूने होत नाही. समागमात किंवा चाटण्या-हुंगण्यातून कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. जगभरातल्या 546 गाठींच्या जनुकांवरचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही गाठ चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एका प्राण्यात सुरू झाली आणि त्याच्याच पेशी आजवर कुत्र्यांतून फिरत आहेत. गाठ दिसायला भयंकर असली तरी उपचाराला चांगली दाद देते. आठवड्याला एक याप्रमाणे विन्क्रिस्टिनची साधारण चार ते सहा इंजेक्शनं, दर वेळी सीबीसी, आणि सुरुवातीची तपासणी व स्लाईड मिळून 5,500 ते 16,500 रुपये. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, म्हणून ते दवाखान्यात कॅन्युला लावूनच द्यायचं, कंपाउंडरला घरी बोलावून नव्हे. इंजेक्शननंतरचे काही दिवस कुत्र्याची लघवी किंवा ओकारी हातमोजे घालून साफ करा. घरातल्या गरोदर बाईला त्या कामापासून लांब ठेवा.

*चौथा : दहा वर्षांची पॉमेरेनियन, नसबंदी न केलेली, मागच्या स्तनात गाठ.* रक्त, छातीचे तीन एक्स-रे, ऑपरेशन, हिस्टोपॅथॉलॉजी, गरज पडल्यास सुई आणि सोनोग्राफी, औषधं : 22,000 ते 53,000 रुपये. कुत्रीच्या स्तनातल्या साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात. तीन सेंटिमीटरच्या आत काढलेल्या गाठीचं भवितव्य मोठ्या गाठीपेक्षा बरंच चांगलं असतं. छातीचा एक्स-रे ऑपरेशनच्या आधी काढायचा. फुप्फुसात पसरलेलं आधीच दिसलं तर मोठ्या ऑपरेशनचा खर्च आणि त्रास करायचा की नाही, हे वेगळं ठरतं.

या चौथ्या हिशेबापुढे नसबंदीचा खर्च ठेवून पाहा. खासगी दवाखान्यात मादीची नसबंदी साधारण 5,000 ते 12,000 रुपयांत होते. 1969 सालच्या प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांत स्तनाच्या गाठीचा धोका नसबंदी न झालेल्यांच्या 0.5 टक्के, पहिल्या माजानंतर 8 टक्के आणि दुसऱ्यानंतर 26 टक्के आढळला होता. नंतरच्या संशोधकांनी या पुराव्याच्या ताकदीवर शंका घेतली आहे, आणि मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी सांध्यांना मानवत नाही असंही दिसलं आहे. त्यामुळे वय डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं' या सल्ल्याला आधार नाही.

नागपुरात कुठे जायचं?

नागपूरकरांचं नशीब असं की राज्याच्या पशुवैद्यक शिक्षणाचं मुख्यालय इथेच आहे. 1958 साली सुरू झालेलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं ते घटक महाविद्यालय. त्याच्या चिकित्सालयात औषधोपचार, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र आणि विकृतिशास्त्र या विभागांचे प्राध्यापक एकाच छताखाली भेटतात. फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. गाठीच्या बाबतीत हे विशेष उपयोगी, कारण काचेवरच्या पेशी वाचणारा माणूसही तिथेच असतो.

त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. हे शिकवण्याचं रुग्णालय आहे. तुमच्या कुत्र्याभोवती पाच-सात विद्यार्थी उभे राहतील, तेच प्रश्न दोनदा विचारले जातील, वेळ जाईल. सरकारी सुट्टीची यादी आधी बघा. सकाळी लवकर पोहोचा, जुने कागद आणि लसीचं कार्ड सोबत न्या. काही औषधं आणि साहित्य बाहेरून आणावं लागू शकतं, तेवढे पैसे जवळ ठेवा.

घाबरट किंवा चावरा कुत्रा असेल, संध्याकाळीच वेळ मिळत असेल किंवा रोज ड्रेसिंग करायचं असेल तर घराजवळचा खासगी दवाखाना सोयीचा. दोन्हींची सांगडही घालता येते : निदान आणि मोठं ऑपरेशन महाविद्यालयात, टाके आणि ड्रेसिंग धरमपेठेत, मानेवाड्यात किंवा जरीपटक्यात, जिथे तुम्ही राहता तिथे. त्यासाठी केसपेपर आणि अहवालाच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. गल्लीतल्या मोकाट कुत्र्याला टीव्हीटी दिसला तर तोही चिकित्सालयात नेता येतो. आठवड्याला एकदा त्याला पकडून आणणारा माणूस मात्र आधी पक्का करा. दोन इंजेक्शनांवर सोडलेला उपचार वाया जातो.

भंडारा, वर्धा, गोंदिया किंवा पलीकडून छिंदवाडा, शिवनी भागातून येणाऱ्यांनी आधी फोन करून सुईची तपासणी, रक्त आणि एक्स-रे एकाच दिवशी होतील का हे विचारावं. गाडीभाड्याची एक फेरी वाचते.

ऑपरेशन ठरलं तर

नागपूरचा मे महिना लक्षात ठेवा. पारा 45 च्या पुढे असताना भुलीतून उठलेला कुत्रा भर दुपारी ऑटोत घालून नेणं धोक्याचं आहे, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर जास्तच. सकाळची पहिली वेळ मागा. कुत्रा पूर्ण शुद्धीवर आल्यावर, ऊन उतरल्यावर घरी न्या. चरबीची गाठ असेल तर ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवलं तरी चालतं. कॅन्सरची गाठ मात्र उन्हाळा संपायची वाट पाहत नाही.

किती तास उपाशी ठेवायचं हे डॉक्टर सांगतील तसं तंतोतंत पाळा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि तोवर गळ्यातली कॉलर काढायची नाही. 'बिचाऱ्याला त्रास होतो' म्हणून रात्री काढलेली कॉलर सकाळी टाके तोडून दाखवते, आणि पुन्हा शिवण्याचं बिल वेगळं येतं.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, किडनी बंद पडू शकते. गाठीवर चुना, बिब्बा, गरम तेल लावू नका. त्याने कातडी भाजते आणि नंतर सुईच्या नमुन्यात फक्त सूज दिसते.

पैसा कुठे वाचवावा, कुठे नाही?

वाचवता येतो तो असा. दोन-तीन गाठी असतील तर एकाच भुलीत काढून घ्या. नसबंदी किंवा दातांची सफाई करायचीच असेल तर त्याच भुलीत शक्य आहे का विचारा. सुईत चरबीची गाठ निघाली तर केवळ दिसायला वाईट म्हणून कापू नका. 'गाठ विरघळवणारी' पावडर, सिरप, तेल यांवर खर्च करू नका. प्रौढ कुत्र्याची खरी गाठ त्याने जात नाही.

दोन ठिकाणी हात आखडू नका. पहिली, काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल. ऑपरेशनला बारा हजार खर्चून अडीच हजारांसाठी गाठ कचऱ्यात टाकणं हा तोट्याचा सौदा आहे. गाठ कोणती होती, तिच्या कडा साफ निघाल्या का, पुन्हा येईल का, या तिन्हींचं उत्तर त्या कागदावर असतं. गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवा असं ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवा. दुसरी, सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याची भुलीआधीची रक्ततपासणी.

आणि तेरा-चौदा वर्षांच्या, हृदय थकलेल्या कुत्र्याच्या बाबतीत 'काहीच न करता वेदना कमी ठेवणं' हाही एक उपचार आहे. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. कर्ज काढून केलेलं ऑपरेशन म्हणजे माया, आणि न केलेलं म्हणजे हलगर्जी, असं काही नाही.

विमा, बिल आणि तक्रार

पाळीव कुत्र्यांचा विमा आता काही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. पण आधीपासून असलेला आजार त्यात धरत नाहीत, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर काही काळ थांबावंही लागतं. गाठ दिसल्यावर काढलेला विमा त्या गाठीच्या कामाचा नाही. घ्यायचा तर कुत्रा तरुण आणि धडधाकट असताना घ्या, आणि कॅन्सर व वयाची अट कुठे लिहिली आहे ते आधी वाचा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राण्यावर केलेल्या उपचारसेवेला जीएसटी माफ आहे. बिलात तपासणी फी किंवा ऑपरेशनवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. दुकानातून घेतलेली औषधं, खाद्य, कॉलर यांवर मात्र कर असतो.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच प्रॅक्टिस करता येते. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपुरातच आहे. बोर्डावर किंवा प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक नसेल तर मागा. खाद्याच्या दुकानातला विक्रेता, कुत्र्यांचा ट्रेनर किंवा पिल्लं विकणारा माणूस इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेत गंभीर हलगर्जी झाली असं वाटलं तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पावती, केसपेपर, अहवाल आणि फोटो नसतील तर तक्रार उभी राहत नाही. कुत्रा दगावला म्हणजे हलगर्जी झालीच असंही नसतं. वाजवी काळजी घेतली गेली का, हे आयोग पाहतो.

डॉक्टरांना हे विचारा

1. सुईची तपासणी आज होईल का? स्लाईड कोण वाचणार, अहवाल किती दिवसांत?
2. नमुना अपुरा आला तर पुन्हा किती पैसे?
3. अहवालाआधी स्टेरॉइड देत आहात का, आणि का?
4. गाठ काढलीच नाही तर काय होईल? थांबायचं तर किती दिवस, आणि काय दिसलं की परत यायचं?
5. ऑपरेशनचा लेखी अंदाज द्याल का? त्यात भूल, सलाईन, औषधं, हिस्टोपॅथॉलॉजी, टाके काढणं आणि फेरतपासण्या धरल्या आहेत का?
6. भुलीवर लक्ष कोण ठेवणार? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?

चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. चिडलाच, तर दुसऱ्याचं मत घ्या. सेमिनरी हिल्स शहरात कुठूनही फार लांब नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला कुत्र्याच्या जबड्यापासून शेपटीपर्यंत एकदा सावकाश हात फिरवा. गाठ लागली तर मोजा, फोटो काढा. वाटाण्याएवढी झाली किंवा महिना झाला तर सुई करून घ्या. त्या दिवशीचं बिल फार तर अडीच-तीन हजार रुपयांचं होईल, आणि गाठीवर तुम्ही कराल त्या सगळ्या खर्चात तेच सर्वांत कमी असेल.